धुलाईचं पाणी

अक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी वाटलं.

आता तू काही म्हणणार नाहीस, म्हणून मीच आधी सांगतो. मांडववाल्यानं विचारलं, "साहेब, पाण्याचं कसं करायचं?" तेव्हा मी दुसऱ्या फोनवर होतो. तुझ्या कॉलेजातल्या बाई तुझा चांगला फोटो मागत होत्या आणि माझ्याकडं तुझा एकही धड फोटो सापडत नव्हता. सगळ्यांत तू बाजूला उभी, नाहीतर कुणाच्या तरी लेकराला घास भरवत वाकलेली. त्या घाईत मी म्हणालो, "दे छोट्या बाटल्या. उन्हाचं लोकांना बरं पडतं." एवढंच. खोकेच्या खोके येऊन पडले.

भंतेजींनी गाथा सुरू केल्या. जलदानाला मी आणि माय तुझ्या फोटोसमोर बसलो. तांब्यातलं पाणी वाटीत ओतत होतो, वाटी भरून पाणी ताटात सांडत होतं. मायच्या हाताला मी खालून आधार दिला होता. आणि मागून, मांडवातून, बाटल्यांची झाकणं मोडल्याचा आवाज येत होता. कट्. कट्. एकदा कानावर आला आणि मग दुसरं काही ऐकूच येईना.

विधी झाल्यावर माय म्हणाली, "मिलू, तिनं बघितलं असतं तर ताटावरून उठली असती रे."

लोकांनी अर्ध्या बाटल्या पिऊन भिंतीकडेला ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या प्लास्टिक दळायच्या युनिटचा टेम्पो पाठवून त्या उचलून नेल्या. बाटल्या आपण दळत नाही, पुढं दुसऱ्याला देतो, तुला ठाऊक आहे. पण गोण्या उतरवताना सलीमभाई थांबले. माझ्याबरोबर मशीनवर उभं राहून म्हातारा झालेला माणूस. म्हणाले, "भाई, ये दीदी के प्रोग्राम की बॉटलां हैं ना? आज नक्को भेजते आगे." मी मान हलवली. त्या गोण्या अजून तशाच पडून आहेत.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, असं अचानक कसं झालं? मी सांगतो, मेंदूत रक्तस्राव झाला. स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या कोसळली, दवाखान्यात नेलं, शुद्धीवर आलीच नाही. एक पाहुणे म्हणाले, "रात्रंदिवस भिंगाखाली त्या प्लास्टिकच्या भुग्यात डोळे घालून बसायची. तेच भिनलं असंल तिच्या अंगात." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. खरं सांगू का, मला हो म्हणायचंच होतं. मला शिक्षा व्हावी असं वाटत होतं आणि ती इतक्या सोप्या वाक्यात होऊन गेली असती. मग तुझा आवाज आला, वर्गातला, चष्म्याच्या वरून बघणारा: "पुरावा आहे का?"

नाही, अक्का. पुरावा नाही. तुझं ब्लडप्रेशर होतं, गोळ्या चुकवायचीस, आणि हट्टी होतीस. एवढं ठाऊक आहे.

तू तर कुणाला घाबरवायला तयारच नसायचीस. वंदनानं, माझ्या बायकोनं, एकदा विचारलं होतं, "ताई, माणसाच्या रक्तातसुद्धा प्लास्टिक सापडलं म्हणतात. मग काय होतं त्यानं?" तू म्हणालीस, "सापडलंय हे खरं. वारेतही सापडलंय, बाळ पोटात असतानाच्या. त्यानं नेमकं काय होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. काही गोष्टी काळजी करण्यासारख्या दिसायल्यात. पण सापडलं म्हणजे रोग झाला असं नाही, आणि रोग दिसला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही." वंदना म्हणाली, "म्हणजे काय समजायचं आम्ही?" तू हसलीस. "माहीत नाही असं म्हणायला शिकायचं. आणि माहीत होईपर्यंत जपून राहायचं."

दवाखान्यात तुझ्या पलंगाशी बसलो होतो, तेव्हा तुझ्या नाकात नळी, हातात नळी, वर सलाईनची पिशवी. सगळं प्लास्टिक. त्यातून थेंब थेंब तुझ्यात उतरत होता आणि मी त्या नळीला हात जोडावेत अशा नजरेनं बघत होतो. मी वाद घालताना दर वेळी हेच म्हणायचो, दवाखान्यात जाऊन बघ, प्लास्टिक नसतं तर किती माणसं मेली असती. आणि तू चिडून म्हणायचीस, "सलाईनची नळी काचेची करा असं कोण म्हणतंय? मी तुझ्या धुलाईच्या पाण्याबद्दल बोलायले!"

हो. धुलाईचं पाणी. आपलं सगळं भांडण तेवढंच होतं.

आपण भंगाराच्या घरातली पोरं. बाबा हातगाडी घेऊन गुलमंडीपासून शहागंजपर्यंत ओरडत फिरायचे आणि संध्याकाळी घरासमोर माल उतरवायचे. तू रद्दीच्या गठ्ठ्यांना टेकून अभ्यास करायचीस आणि मधूनच गठ्ठ्यातलं एखादं फाटकं पुस्तक ओढून काढायचीस. फुटक्या बादल्या, मोडके डबे, चपलांचे तळवे मी रंगारंगाने वेगळे करायचो. बाबांचं म्हणणं, पोरीला डोकं आहे आणि पोराला हात आहेत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तू प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालीस, पुढं कॉलेजात लागलीस, त्या दिवशी बाबांनी हातगाडीवर बसवून तुला गल्लीतून फिरवलं होतं. मी ढकलत होतो.

आणि मी आपल्याच मालाचं युनिट टाकलं. खाम नदीच्या काठाला, वाळूजच्या अलीकडं. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात निळे ड्रम. ड्रम उन्हात तडकतात, ते माझ्याकडं येतात. तडकलेला ड्रम फोडायचा, मशीनमध्ये दळायचा, तो चुरा पाण्यात धुवायचा, वाळवायचा, त्याचा दाणा करून विकायचा. त्याच दाण्याचे परत पाइप होतात, टोपल्या होतात. मला अभिमान होता, अक्का. मी शहराची घाण उचलतो असं मी छाती काढून सांगायचो. आणि ते खोटंही नव्हतं.

तू बघायला लागलीस ते मासे. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावरच्या कोळ्यांकडून चिलापी घ्यायचीस, तिची आतडी काचेच्या भांड्यात कसल्याशा द्रावात विरघळवायचीस, उरलेलं गाळून भिंगाखाली ठेवायचीस. एका रविवारी मला बळंच बसवलंस. "बघ." मी डोळा लावला. आत एक लाल दोरा, केसाहून बारीक. आणि निळे तुकडे. कडा घासून गुळगुळीत झालेले. मला तो निळा रंग लगेच ओळखू आला. माझ्या नखात तोच असतो. मी मूठ मिटली. तू म्हणालीस, "निळा रंग काही एकट्या तुझ्याकडंच नाही. घाबरू नको." म्हणजे तुलाही तेच वाटलं होतं.

मग हिवाळ्यात मला पाखरं बघायला नेलंस. पैठणकडच्या बाजूला, फुगवट्याच्या कडेला, चिखलात आपण बसलो होतो. तू डबीत पक्ष्यांची विष्ठा गोळा करत होतीस आणि मी नाक दाबून हसत होतो. समोर पाण्यावर बदकांचा थवा होता, चपट्या रुंद चोचीची बदकं, पाण्यात चोच टेकवून गोल गोल फिरत होती. तू सांगितलंस, याला थापट्या म्हणतात, किती दुरून उडत येतो बिचारा. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, चिखलपाणी आत घेतो, त्यातून गाळून किडे नि बिया खातो.

मी म्हणालो, "भारी गाळणी आहे की."

तू डबीचं झाकण लावलंस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "व्हय. जे तू गाळत नाहीस ते हा गाळतो."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. येताना ढाब्यावर आपण शेवभाजी खाल्ली आणि तू नेहमीसारखी माझ्या ताटातला कांदा उचललास.

पुढच्याच महिन्यात तू युनिटवर आलीस. काचेच्या बाटल्या पिशवीत घेऊन. सलीमभाईंनी तुला खुर्ची दिली, चहा मागवला. तू चहा तसाच ठेवून मागं गेलीस, जिथं आपल्या धुलाईच्या टाकीचं पाणी नाल्यात पडतं आणि नाला खामला मिळतो. एक बाटली नाल्याच्या वरच्या अंगाला भरलीस, एक पाणी पडतं तिथं, एक त्याच्या खाली. मी बघत उभा होतो. कामावरच्या बाया बघत होत्या. मला लाज वाटत होती, आणि लाजेचा राग येत होता.

नंतर घरी येऊन तू तिन्ही बाटल्यांतल्या पाण्याचे भिंगाखालचे फोटो दाखवलेस. वरच्या बाटलीत तुरळक कण. आपल्या पाण्यात नुसता निळा धुरळा. खाली तोच धुरळा, थोडा विरळ.

"मिलू, टाक्या बांध. पाणी थांबव, गाळ बसू दे, मग बारीक कापडातून सोड. सगळं नाही अडणार, पण बरंच अडंल."

"बांधतो ना. पाऊस होऊन जाऊ दे."

पाऊस झाला. मग दिवाळीची ऑर्डर आली. मग जागा नाही म्हणालो. मग म्हणालो, शेजारची सगळी युनिटं सोडतात, माझ्या एकट्यानं काय होणार. तू प्रत्येक कारण नीट ऐकून घ्यायचीस. मला वाटायचं, पटायलंय हिला.

आणि मग ते व्याख्यान.

सभागृह भरलं होतं. मी वंदनाला घेऊन तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तू निळी कडा असलेली पांढरी साडी नेसली होतीस. तू सुरुवात आकड्यांनी केली नाहीस, आजोबांनी केलीस. म्हणालीस, "माझ्या आईच्या वडलांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. ओंजळ धरून बसायचे, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. पाण्यासाठी आमच्या माणसांनी फार सोसलं. आज नळ आमच्याही घरी आहे. म्हणून त्या नळाला पाणी कुठून येतं आणि त्यात काय काय येतं, हे बघणं मी माझं काम समजते." माझ्या अंगावर काटा आला. वंदनानं डोळे पुसले.

मग तू खाम दाखवलीस, खाम जिथं जाऊन मिळते तो जायकवाडीचा नाथसागर दाखवलास, मासे दाखवलेस, थापट्या दाखवलास, आणि त्याच नाथसागरातून शहराला पाणी येतं ते दाखवलंस. शुद्धीकरणात बरंचसं अडतं, सगळं नाही, हेही सांगितलंस. मी श्वास धरून ते तीन फोटो कधी येतात याची वाट बघत होतो. ते आलेच नाहीत. वरच्या बाटलीचा आला, एकदम खालच्या बाटलीचा आला. मधला तू काढून टाकला होतास.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाई, मधल्या एवढ्याशा टप्प्यात हा निळा एकदम वाढला कसा? येतो कुठून?"

तू पाण्याचा पेला उचललास. घोट घेतलास. तिसऱ्या रांगेकडं बघितलं नाहीस, पण न बघण्यासाठी तुला किती जोर लावावा लागला ते मला दिसलं.

"त्या भागात बरेच स्रोत आहेत," तू म्हणालीस. "नक्की सांगता येणार नाही."

गाडीत बसल्यावर मी काय म्हणालो? "बरं झालं, नाव नाही घेतलंस."

"काय बरं झालं?" तुझा आवाज इतका हळू होता की वंदना मागच्या सीटवर पुढं सरकली. "मी आज खोटं बोलले, मिलू. पोरांना सांगते, जे दिसलं ते लिहा, भाऊ असो की बाप. आणि मी भर सभेत खोटं बोलले."

मी तेव्हा गप्प बसलो असतो तर. पण मला लाज झटकायची होती. मी म्हणालो, "मग सांगायचं होतंस! आणि हेबी सांगायचं, की आपल्या बापानं हेच प्लास्टिक गोळा करून तुला शिकवलं. तुझा तो मायक्रोस्कोप त्याच्यावरच आलाय. बाबाच्या जिवावर शिकायचं आणि बाबाच्याच धंद्याला नावं ठेवायची!"

वंदना म्हणाली, "अहो, बास करा."

तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, "म्हणूनच बोलता आलं नाही मला." मग म्हणालीस, "थांबव. मी रिक्षानं जाते." तुझं घर तिथून लांब होतं. मी थांबवली.

मला वाटलं होतं तू महिनाभर तोंड बघणार नाहीस. तू पुढच्याच रविवारी आलीस. मायसाठी स्टीलची कळशी घेऊन. माय कुरकुरली, "ही जड हाय गं. प्लास्टिकचीच बरी, मला उचलती तरी. आमच्या वेळच्या पितळेच्या हंड्यांनी कंबरडं मोडलं." तू म्हणालीस, "व्हय माय, ते पण खरंच आहे," आणि कळशी अर्धीच भरून दिलीस. माझ्या पोराचा खोकला विचारलास. माझ्या ताटातला कांदा उचललास. टाक्यांचा विषय काढला नाहीस. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं, अक्का. हेच मला आता खातंय. ते बोलणं रागाच्या भरात गेलं, त्याला एखाद वेळी तू माफही केलं असशील. पण त्यानंतरचे इतके महिने मी निवांत होतो. तू गप्प झालीस ते माझ्यासाठी झालीस, आणि त्या गप्प राहण्यानं तुझं काय होत असेल हा विचार मी एकदाही केला नाही. तुझी सहकारी परवा भेटली, ती सहज बोलून गेली, "त्या व्याख्यानानंतर मॅडमनी परत व्याख्यान घेतलंच नाही. बोलावणी यायची, नको म्हणायच्या." मला हे ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पुरावा नाही. मी त्याचा संबंध कशाशी जोडत नाही. तुला ते आवडणार नाही. फक्त सांगतोय.

तुझ्या पुण्यानुमोदनानंतरच्या सोमवारी मी धुलाई बंद केली. बाया म्हणाल्या, "दादा, आमचं कसं?" त्यांना घरी पाठवलं नाही, खड्डे खणायला, माल निवडायला लावलं. एकापुढं एक टाक्या बांधल्या, तू कागदावर काढून दाखवल्या होत्यास तशाच, म्हणजे मला आठवल्या तशा. शेवटच्या टाकीला बारीक कापड ताणलं. पहिल्या दिवशी पाणी बाहेर आलं तेव्हा सलीमभाईंनी ओंजळीत धरून बघितलं. म्हणाले, "साफ दिखता भाई. दीदी देखते तो बोलते, दिखता है, है नहीं." मला हसू आलं. मी पाठ फिरवून मशीनकडं गेलो.

हे आधीही जमलं असतं. इतकं सोपं होतं ते, याचाच मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. अवघड असतं तर बरं झालं असतं.

पण एक गोष्ट तू सांगितली नव्हतीस. तळाशी जो गाळ बसतो, निळसर राखाडी, ओला असताना लोण्यासारखा, तो काढून वाळवला की पिठासारखा होतो. वारा आला की उडतो. गोण्याच्या गोण्या झाल्या. कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, हे ओल्यात बसत नाही आणि सुक्यातबी नाही, मी नेत नाही. शेजारचा युनिटवाला म्हणाला, पेटवून दे. दुसरा म्हणाला, पावसाळ्यात नाला भरून वाहतो तेव्हा सोडून दे, कुणाला कळतंय. एका कार्यालयात फोन केला, तिथले साहेब म्हणाले, चौकशी करून सांगतो. अजून सांगायचेत.

काल दुपारी मी त्या गाळाच्या गोण्यांसमोर उभा होतो. काही सुचेना. खिशातून फोन काढला आणि तुझं नाव दाबलं. विचार करून दाबलं नाही. अडलं की तुलाच विचारायचं, हाताला तीच सवय. रिंग वाजली. उचलला गेला.

"हॅलो?" माय होती. तुझा फोन ती चार्ज करून उशाशी ठेवते, हे मी विसरलो होतो.

आणि माझ्या तोंडून गेलं, "माय, अक्का आहे का?"

ती म्हणाली, "नाय रे बाळा." आणि विचारलं, "काय काम होतं तिच्यापाशी?"

मी म्हणालो, "काय नाय. गाळ काढलाय धुलाईचा. कुठं टाकायचा ते विचारायचं होतं."

माय बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रडते आहे. पण ती विचार करत होती.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पण कळूस्तोवर झाकून ठेव. उडू देऊ नको."

मी फोन ठेवला आणि झाकायला काही मिळतंय का ते शोधू लागलो. युनिटमध्ये एक ताडपत्री होती, तीही प्लास्टिकचीच, ऊन खाऊन तिच्या कडांचा भुगा व्हायला लागलेला. दुसरं काही नव्हतं, अक्का. तीच घातली.